स्क्रूचा दात

६ जानेवारी, सोमवार

बसला एकदाचा! सहा महिने हाडात नुसता स्क्रू होता, आज त्यावर दाढ बसवली. कॅप म्हणतात तिला. उजवीकडे, खाली. घरी येऊन आरशासमोर तोंड फाकून बघितलं. बाजूच्या माझ्या दाढा काळपट आणि ही मधेच उजळ. रोजच्या गाऊनवाल्या बायकांत एक जण पैठणी नेसून बसल्यासारखी.

डॉक्टर गंधाली पोरगीच आहे, माझ्या सौरभपेक्षा लहान असेल. तिने ही डायरी दिली. औषध कंपनीची, फुकटची. म्हणाली, "सुगंधाताई, रक्त आलं, सूज आली, दुखलं, तर तारीख घालून लिहा. तोंडी विचारलं की तुम्ही सगळं बरं आहे म्हणता." मी म्हटलं, मी चौथी शिकलेय. तर म्हणे, "मग चार ओळी लिहा." तोंडाळ आहे. आवडली मला.

पण डायरी तिला दाखवणार नाही. आत्ताच चारच्या वर ओळी झाल्या, आणि दाताच्या त्यात किती?

सरळ विचारलं तिला — किती टिकणार? म्हणाली, "नीट सांभाळलात तर स्क्रू वीस वर्षं, जास्त पण. वरची कॅप झिजते, ती दहा-पंधरा वर्षांनी बदलावी लागेल. दात खोटा आहे, तो किडणार नाही. पण हिरडी तुमची खरी आहे, हाड खरं आहे. ते बिघडलं की स्क्रू हलायला लागतो."

मी छप्पन्नची. आणखी वीस म्हणजे शहात्तर. आम्ही दोघं बरोबरच जाऊ.

७ जानेवारी, मंगळवार

करायचं ते — सकाळ-संध्याकाळ मऊ ब्रश. दाढेच्या दोन्ही बाजूंना बारीक ब्रश फिरवायचा, बाटली धुवायच्या ब्रशाचं पिल्लू असावं तसा आहे. सुपारी नाही, बर्फ नाही, मटणाचं हाड त्या बाजूने फोडायचं नाही. सहा महिन्यांनी दाखवायला जायचं, दुखत नसलं तरी. दुखत नसताना डॉक्टरकडे! पण सौरभने करून दिलाय, जाईन.

सकाळी रुक्मिणीला तो बारीक ब्रश दाखवला. हसून हसून तिला ठसका लागला. "सुगंधा, ह्या काय गो? उंदराचो झाडू?"

आमच्या चाळीत मी सात नंबर, ती आठ नंबर. बावीस वर्षं सकाळी सहाला आम्ही दोघी गॅलरीत पाट टाकून मशेरी लावत बसतो. समोर डोंगर. अर्धा तास. त्यात चाळीतलं सगळं कळतं. मग ती नवऱ्याचा चहा टाकायला जाते, मी गाळ्यावर. बाटल्यांची बुचं पॅक करते मी. गाळ्यातल्या पोरी कानात वायरी घालून बसतात. दिवसभरात माझ्याशी बोलणारं म्हणजे ती सकाळची रुक्मिणी. हे गेल्यापासून तर तीच.

१२ जानेवारी, रविवार

सौरभचा फोन. "आई, दात कसा आहे?" म्हटलं, बसलाय. "काळजी घे हां. खर्चापेक्षा त्रास खूप असतो परत करायचा." मागे निधी, माझी सून, कुणाला तरी हाका मारत होती. "चल, ठेवतो."

तो बोरिवलीला. मी मुलुंडला. मधे फक्त डोंगर आहे. गॅलरीतून दिसतो तो तोच डोंगर, त्याच्या पलीकडे माझा मुलगा. रुक्मिणी म्हणते, मोठ्याने हाक मार, ऐकू जाईल.

२१ जानेवारी, मंगळवार

दाताची सेवा चालू आहे. माझ्याइतकी कोण करत नसेल. आधी मशेरी — त्या दाढेभोवती बोटाने चांगली चोळून, वरून, आतून. मग ब्रश. मग उंदराचा झाडू. संध्याकाळी गाळ्यावरून आले की परत मशेरी. पूर्वी एकदाच लावायचे, आता दोनदा, कधी तीनदा. तिथे घाण साचता कामा नये म्हणाली ना ती, मी साचू देणारच नाही!

सौरभ म्हणतो बोगदा खणतायत, ठाण्यातून थेट बोरिवली. झाला की वीस मिनिटांत येईन, आई. वीस वर्षं दाताची, वीस मिनिटं बोगद्याची. बघू आधी काय येतं.

२ फेब्रुवारी, रविवार

थुंकले त्यात रक्त. थोडंसं. सौरभला सांगितलं नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

परत रक्त. हिरडी लाल, दाबली की ठणकते. रुक्मिणी म्हणाली, "जास्त लाव, मशेरीन हिरडी आवळता." लावली. तिने मशेरी ताजी भाजली होती, तिच्या त्या कान तुटलेल्या तव्यावर. चाळभर धूर. चार नंबरची सून खोकत बाहेर आली, रुक्मिणी म्हणाली, "आमी मेल्यावर खोक." काय हसलो!

९ फेब्रुवारी, रविवार

"दात कसा आहे?" झकास, म्हटलं. खोटं बोलले. दात बिघडला म्हटलं तर तो येईल की ओरडेल, ठरवता येईना.

११ फेब्रुवारी, मंगळवार

गेले डॉक्टरकडे. बाकावर खूप बसवलं. समोर भिंतीवर तोंडांचे फोटो लावलेत, गालात पांढरे चट्टे, लाल चट्टे, शी! अर्धा तास तेच बघत बसले. दुसरं होतं काय बघायला?

मग खुर्चीत. फोटो काढला दाताचा. डॉक्टर गंधालीने तो उजेडाकडे धरून परत परत बघितला.

"सुगंधाताई, स्क्रूभोवतीचं हाड थोडं खाली गेलंय. एका महिन्यात असं व्हायला नको. ब्रश करता ना?"

मी चिडलेच. करता ना म्हणजे काय? तीन तीनदा करते! गाळ्यातल्या पोरी हसतात मला!

"तंबाखू?"

नाही. पहिल्या दिवशी विचारलंस तेव्हाच सांगितलं, मी तंबाखू खात नाही. माझ्या सात पिढ्यांत बाई खात नव्हती.

तिने माझा हात धरला. उजवा. पहिलं बोट उलटसुलट करून बघितलं. नखाच्या कडेला काळं असतं ते, कायमचंच आहे, भांडी घासून जात नाही.

"हे काय?"

"मशेरी."

"म्हणजे?"

"दात घासायची. काळी."

"कशाची बनवतात ती, सुगंधाताई?"

आता एवढं शिकलेली बाई आणि हे माहीत नाही! म्हटलं, सोपं आहे, तव्यावर तंबाखू काळा होईपर्यंत भाजायचा —

आणि थांबले.

ती पण थांबली होती. हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं.

बावीस वर्षं नाही, चाळीस वर्षं! आई लावायची, मावशी लावायची, लग्नाआधीपासून मी. कोणी विचारलं असतं मशेरी लावतेस का, तर हो म्हटलं असतं, लपवायचंय काय त्यात? तिने तंबाखू विचारला. तंबाखू खातात. मशेरी लावतात. आणि मी येडी, दाताला जपते म्हणून तिथेच चोळत होते, तीनदा!

म्हणाली, "आजपासून बंद. एकदम. हाड आणखी उतरलं तर स्क्रू काढावा लागेल, आणि परत बसवायला हाड उरेल की नाही सांगता येत नाही." मग म्हणाली तोंड उघडा, तुमची तीन बोटं उभी धरून आत घाला. घातली. गेली. "ठीक. तोंड पुरतं उघडतंय, गालात काही दिसत नाही. दोन महिन्यांनी या."

घरी येताना डोळ्यात पाणी आलं. चिडून.

१२ फेब्रुवारी, बुधवार

डबी मोरीत उलटी केली. रुक्मिणीला सांगितलं सगळं. ती म्हणाली, "मग तू नको लावू. नुसती बस. मी लावतंय."

बसले. तिने डबी उघडली आणि त्या वासाने माझी जीभ आत ओढल्यासारखी झाली. बोट आपोआप पुढे गेलं. उठलेच मी. म्हटलं, माझ्यासमोर नको लावूस. ती म्हणाली, "मग खय लावू? संडासात?" मी म्हटलं, लावूच नकोस, घाण आहे ती.

"बावीस वर्षां घाण नव्हती ती? लेकान एक दात दिल्यान तर आमी घाण झालो?"

मी असं म्हटलं नव्हतं. ते मशेरीचं होतं. पण मी पण बोलले पुढे, लिहिण्यासारखं नाही.

पाट उचलून आत गेली.

१५ फेब्रुवारी, शनिवार

डोकं फुटतंय. पोट साफ होत नाही. मशेरीशिवाय संडासला होतच नाही, हे कोणी डॉक्टरला सांगा! गाळ्यात मुकादमावर ओरडले. बुचं मोजायला चुकले.

१७ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी सहाला जाग येतेच. गॅलरीत गेले, उभी राहिले. आठ नंबरचं दार बंद. डोंगर होता.

२३ फेब्रुवारी, रविवार

"दात कसा आहे?" आज खरं सांगितलं. मशेरीचं पण. तो इतका ओरडला! "आई, तंबाखू? एवढी वर्षं? निधीला काय सांगू मी?" निधीला कशाला सांगायचं? मग शांत झाला, म्हणाला, रोज फोन करतो, रोज सांग.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

चार दिवस केला खरंच. आज नाही.

४ मार्च, मंगळवार

रक्त नाही, आज पाचवा दिवस. ही गोष्ट सांगायला कोणीतरी पाहिजे होतं. गाळ्यातल्या एका पोरीला म्हटलं, आज रक्त नाही आलं. तिने कानातली वायर काढली, "काय आँटी?" म्हटलं काही नाही.

९ मार्च, रविवार

रुक्मिणी आता आतच बसून लावत असणार. नळावर भेटली, बाजूने गेली. मी पण. मी का आधी बोलू? शिव्या तिने पण दिल्यात.

तरी बाजारातून तिसऱ्या आणल्या होत्या, शिंपल्या. तिला आवडतात. मसाला चांगला टाकला, तिला लागतो तसा, आणि डबा तिच्या दारात ठेवला, कडी वाजवली, आले. एवढं केलं मी!

संध्याकाळी गुणाजी भावोजी डबा घेऊन आले, तिचा नवरा. डबा तसाच भरलेला.

"तिका झोंबता म्हणता."

झोंबतं? देवगडच्या बाईला? मिरची तळून भाताबरोबर खाणारी ती! सरळ सांगा की नको म्हणून. भावोजी बिचारे, ऐकू कमी येतं, नुसते मान हलवत राहिले. त्यांच्या तोंडावर दार लावलं. लावायला नको होतं.

तिसऱ्या एकटीने खाल्ल्या. डाव्या बाजूने.

१३ मार्च, गुरुवार

होळी. सौरभ-निधी येणार होते म्हणून पुरण घातलं. तीन वाजता फोन — निधीच्या ऑफिसचं काहीतरी. "बोगदा झाला ना आई, की बघ." मी म्हटलं, बोगदा तुझ्या बायकोच्या ऑफिसात खणतायत का? हसला तो. मी हसवायला बोलले नव्हते.

पोळ्या अकरा. चार गाळ्यावर नेईन. दोन आठ नंबरात दिल्या, भावोजींच्या हातात. ह्या परत आल्या नाहीत. पण चार नंबरची सून म्हणाली, "रुक्मिणीकाकू पोळी दुधात कुस्करून, बाळाला भरवतात तशी चमच्याने खात होत्या." म्हटलं, वयानुसार लाड चाललेत तिचे.

३० मार्च, रविवार

पाडवा. गुढी लावली. काठी धरायला दरवर्षी रुक्मिणी असते, मी बांधते. ह्या वर्षी काठी गुडघ्यात धरून बांधली. वाकडीच उभी राहिली. आठ नंबरला गुढीच नाही. एवढी चिडलेय काय ती, की सणाला पण बाहेर येऊ नये?

८ एप्रिल, मंगळवार

हाड थांबलं!

डॉक्टर गंधालीने दोन्ही फोटो शेजारी धरून दाखवले. मला काय कळतंय, करड्यात करडं. पण ती म्हणाली, "गेलेलं परत येत नाही, पण पुढे उतरलं नाही. हिरडी घट्ट आहे. सुगंधाताई, चाळीस वर्षांची सवय एका दिवसात सोडणारी तुम्ही पहिलीच." मी म्हटलं, त्यात काय. आतून मात्र फुगले.

जिन्यातच सौरभला फोन लावला. "ग्रेट, आई! मीटिंगमधे आहे, नंतर करतो."

कोणाला सांगू? पाय घरी आल्यावर आपोआप आठ नंबरकडे वळले, दारापाशी जाऊन परत आले.

१३ एप्रिल, रविवार

फोन नाही.

आता लक्षात आलं. दात बरा झाला, विचारायचं काय राहिलं? दर रविवारी तो दाताला फोन करायचा. मी मधे नुसती उचलायला होते.

परत रक्त येतंय म्हणून सांगू का?

१४ एप्रिल, सोमवार

सांगितलं नाही. पण मनात आलं, हे लिहून ठेवते.

१७ एप्रिल, गुरुवार

ठरवलं. मरो तो दात. वीस वर्षं टिकून करणार काय आहे, कोणाशी बोलणार आहे तो? पहाटेच उठले, पाट घेतला, सहाच्या ठोक्याला आठ नंबरची कडी वाजवली. दार रुक्मिणीनेच उघडलं. म्हटलं, "सरक. दे चिमूटभर. बसूया."

ती बघत राहिली. बारीक झालीय! दोन महिने मी नीट बघितलंच नाही तिला. नळावर बघितलं ते तोंड वळवायला.

आत जाऊन डबी आणली, माझ्या हातात दिली. उघडली तर काठोकाठ भरलेली. वरचा थर घट्ट बसलेला, बोट लागलेलं नाही. फेब्रुवारीत भाजलेली तीच, भांडणानंतर भरून ठेवलेली तशीच.

"लावत नाहीस?"

"लावूक जमणा नाय. आग होता. तिखट, गरम, कायच चालणा नाय."

असं म्हणाली, पण ओठ पुरते उघडले नाहीत. शब्द फटीतून आल्यासारखे. दवाखान्याच्या भिंतीवरचे ते फोटो! मोबाईलची बॅटरी लावली, म्हटलं, तोंड उघड. "काय करतंस गो?" उघड म्हणते ना! तीन बोटं घाल. तीन गेली नाहीत. दोन पण नाही. एक कसंबसं. बॅटरी आत मारली. डाव्या गालात पांढरं, खरवडल्यासारखं, मधे लाल.

झोंबता म्हणाली होती. डबा परत आला होता. पोळी दुधात. पाडव्याला बाहेर आली नाही. सगळं माझ्या दारात येऊन गेलं आणि मी म्हटलं, रुसलेय.

ओरडलेच तिच्यावर. "कोणाला सांगितलं का नाहीस? मला तरी!"

"तुका तुझी डॉक्टरीण इचारी, तू सांगलस. माका कोण इचारता?"

"मी होते ना बाजूला! भिंतीपलीकडे!"

"तू दाताकडे होतंस."

डबी घेतली, तिच्या मोरीत उलटी केली. ती बघत होती. मग दोघी गॅलरीत बसलो, पाटावर, नुसत्याच. बोटांचं काय करायचं कळत नव्हतं.

१९ एप्रिल, शनिवार

रुक्मिणीला नेलं. डॉक्टर गंधालीने फार वेळ बघितलं. मोठ्या हॉस्पिटलची चिठ्ठी लिहिली, गालातला तुकडा काढून तपासायचा, सोमवारीच जा म्हणाली. रुक्मिणीने माझा हात असा धरला होता की ते काळं बोट पांढरं पडलं.

मधेच सौरभचा फोन. "सॉरी आई, राहूनच गेलं. दात कसा आहे?"

म्हटलं, "कुठला दात?" आणि मीच ठेवला.